पंचवीस हजारांत पद्मिनीचे सस्पेन्शन : आधी काय मोजावे, मग काय घ्यावे

सेलूकर

नमस्कार. वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या सेलूच्या घरामागील शेडमध्ये नऊ वर्षे उभी होती. गेल्या उन्हाळ्यात इंजिन आणि ब्रेक यांचे काम करून मी ती चालती केली, परंतु रस्त्यावर काढल्यावर तिचे खरे दुखणे लक्षात आले. आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवर बांधलेले असतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, त्यामुळे डांबर शाबूत असले तरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढे गेले, की गाडीचे नाक दोन-तीन वेळा डुलते. खड्ड्यात चाक गेले, की पुढे उजवीकडून 'कडाक' असा आवाज येतो, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते, आणि मागे तीन माणसे बसली तर ॲक्सल रबरी गट्टूवर आदळतो.

एका गॅरेजमध्ये दाखवले असता पुढच्या दोन्ही स्प्रिंगा, मागचे दोन्ही पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चारही शॉकअप (धक्के शोषणाऱ्या नळ्या), किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खुंटी) आणि सगळे बुश (सांध्यांतील रबरी किंवा पितळी नळ्या) मिळून साठ हजारांचा अंदाज मिळाला. मी निवृत्त शिक्षक आहे आणि या कामासाठी पंचवीस हजारांपलीकडे जाणे मला शक्य नाही. सुटे करणे आणि जोडणे मी स्वतः, भाच्याच्या मदतीने करू शकतो. या रकमेत कोणते काम आधी घ्यावे आणि कोणते सोडून द्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ

सेलूकर सर, मी पूर्वी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये काम केले आहे, त्यामुळे ही गाडी मला डोळे मिटूनही खोलता येईल. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये गोल स्प्रिंग असते, तर मागे अखंड ॲक्सल पाट्यांवर बसवलेला असतो. सर्व भाग खोलता येण्यासारखे आहेत आणि बहुतेक भाग दुरुस्त होण्यासारखे आहेत, म्हणूनच ती गाडी टॅक्सी म्हणून एवढी वर्षे टिकली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि तेव्हापासून तिथल्या दुकानांतला माल आटत चालला आहे, हेही लक्षात ठेवा. मिळेल तेव्हा घेऊन ठेवावे असे काही भाग आहेत आणि किंगपिनचा संच त्यांत पहिला.

मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी एक तपासणी करा. पुढचे चाक जॅकवर उचला, चाकाला वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. चाक हलत असेल, तर भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकमुळे ड्रम आणि त्याच्या मागची पाटी एकजीव होतात. तरीही हलत राहिले, तर दोष किंगपिनमध्ये किंवा आर्मच्या सांध्यांत आहे. ही तपासणी न करता किंगपिन बदललेल्या आणि पुन्हा तोच आवाज घेऊन आलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

अंबाजोगाई_यंत्र

मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. गोदाकाठ यांच्या म्हणण्याला माझी पुस्ती एवढीच, की गाडीची उंची मोजल्याशिवाय स्प्रिंगांना दोष देऊ नका. सपाट फरशीवर गाडी उभी करून, चारही टायरांत हवा सारखी भरून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि लिहून ठेवा.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण करत नाहीत. चार पायांच्या खुर्चीचा मागचा एक पाय आखूड असला, तर खुर्ची त्या बाजूला झुकते आणि पुढूनही तीच बाजू खाली दिसते. गाडीचेही तसेच होते. पुढे डावीकडे गाडी बसलेली दिसते, पण खरा दोष मागे डावीकडच्या पाट्यात असू शकतो. हे ओळखण्यासाठी मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, लाकडी ठोकळा ठेवून, जॅक लावा आणि मागची दोन्ही चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचला. आता गाडीचा मागचा भार एकाच बिंदूवर आला असल्याने पुढच्या उंचीवर मागच्या पाट्यांचा परिणाम होणार नाही. पुढच्या दोन्ही बाजू पुन्हा मोजा. फरक नाहीसा झाला, तर पुढच्या स्प्रिंगांवर एक रुपयाही खर्च करू नका. मापे घेताना गाडीखाली कोणी जाऊ नये, हे सांगायला नको.

उदगीर_जीप

मी जीपवाला आहे, त्यामुळे गोल स्प्रिंगांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण टायर किती जुने आहेत, ते सरांनी लिहिले नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नऊ वर्षे एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर दगडासारखे झालेले असतात आणि त्यांना एका जागी चपटेपणाही येतो. निम्मा धक्का तिथूनच येत असेल.

सेलूकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभरात तपासणी केली, तिचे निष्कर्ष असे :

गाडी सपाट जागी असताना पुढे डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा १४ मिलिमीटर खाली होती. अंबाजोगाईच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ॲक्सलच्या मध्याखाली जॅक लावल्यावर हा फरक अवघा ४ मिलिमीटर उरला. मागे मात्र डावी बाजू स्पष्टपणे बसलेली आहे आणि त्या बाजूच्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट झाली आहे. वडील हयात असताना कापसाची आणि तुरीची पोती याच गाडीतून मोंढ्यावर जात असत, याची आठवण आता पाट्याकडे पाहून होते.

चाके हलवून पाहिली असता दोन्हीकडे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आढळला. ब्रेक दाबल्यावर डावीकडचा थांबला, उजवीकडचा थांबला नाही. टायरवरील आकडे '२३१४' असे आहेत, तेव्हा उदगीरकरांचा अंदाज खरा ठरला.

पाट्यांविषयी एक प्रश्न आहे. नवा संच मिळाला तरी महाग आहे. जुन्याच पाट्यांना कमान चढवून घेता येईल का?

धारूरचा_पाहुणा

पाट्यांसाठी एवढा विचार कशाला करता? आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोयते ट्रकच्या जुन्या पाट्यांपासूनच बनतात. पाट्याचे लोखंड कसे तापवायचे आणि कसे वळवायचे, हे आमच्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भात्यावर लाल करून साच्यावर हवी तेवढी कमान दिली, की पाचशे रुपयांत काम होते.

जालनेकर

पाहुण्यांचा पूर्ण मान राखून मला येथे हरकत घ्यावीशी वाटते. मी लोखंडाच्या धंद्यातील माणूस आहे. पाट्याचे पोलाद तयार करताना ते साधारण ८५० अंशांच्या पुढे तापवून तेलात बुडवतात, आणि त्यामुळे आलेला ठिसूळपणा काढण्यासाठी पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या आसपास तापवतात. या दुसऱ्या तापवण्यातून पाट्याला वाकून पुन्हा सरळ होण्याचा गुण येतो. भात्यावर पोलाद लाल झाले म्हणजे ते सातशे अंशांच्या वर गेले, आणि तो गुण तेथेच संपला. त्यानंतर हवेत गार केलेला पाटा दिसायला कमानदार दिसेल, पण माणसे बसली की महिन्याभरात पुन्हा सपाट होईल. पाण्यात बुडवून गार केला, तर काचेसारखा तडकेल. कोयत्याची गोष्ट वेगळी आहे, कारण कोयत्याला धार टिकवायची असते. दिवसभरात हजारो वेळा वाकून पूर्ववत व्हायचे नसते.

याच कारणाने पाट्याला वेल्डिंगही करू नये आणि पाट्याच्या जवळपास गॅस कटर चालवू नये. आणखी एक सांगतो : आमच्या जालन्यात सळईच्या एवढ्या मिला आहेत, की एखादा उत्साही माणूस 'तिथून पट्टी आणून पाटा करू' असे म्हणू शकतो. सळई बांधकामासाठी असते. ती एकदा वाकली की वाकलेलीच राहते, आणि तिने तसेच राहावे अशीच तिची घडण असते.

कमान चढवायची असेल तर ती थंड अवस्थेतच, प्रेसवर किंवा ऐरणीवर ठोकून चढवावी. ट्रकच्या पाट्यांचे काम करणारे कारागीर हे रोज करतात.

धारूरचा_पाहुणा

काल मुद्दाम आमच्या लोहाराला हे वाचून दाखवले. त्याने एका वाक्यात निकाल दिला : "हे माझ्या भात्याचं काम न्हाई, मालक." तेव्हा मी माझा सल्ला मागे घेतो. त्याने एक गोष्ट मात्र सांगितली, ती उपयोगी पडेल. पाट्याला चीर गेली आहे का, हे पाहण्यासाठी तो पाटा स्वच्छ घासून त्यावर रॉकेल लावतो, थोड्या वेळाने कोरडा पुसतो आणि वरून खडू फासतो. चीर असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल खडूवर बारीक रेघ होऊन उमटते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आधी पाहा, असेही त्याने सांगितले.

गोदाकाठ

लोहारमामांना माझा नमस्कार सांगा. भोकाजवळची चीर ही पद्मिनीच काय, कोणत्याही पाट्याच्या गाडीची नेहमीची गोष्ट आहे, आणि यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे बोल्ट) सैल राहिल्यानेच ती बहुधा पडते.

खराद_वाळूज

किंगपिनविषयी लिहितो, कारण माझे रोजचे काम लेथवर आहे. संचासोबत येणारे पितळी बुश नुसते ठोकून बसवले, की आतून थोडे दबतात आणि पिन जात नाही. अशा वेळी काही मिस्त्री पिनच एमरी पेपरने घासून बारीक करतात, ही घोडचूक आहे. पिनचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो; तो घासायचा नाही, बुश रीमरने (भोक कोरून मोठे करणाऱ्या हत्याराने) मोठा करायचा. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत यावा म्हणून दोन्हींतून एकदम जाणारा लांब रीमर वापरावा लागतो. पिन हाताच्या अंगठ्याने दाबून आत जावी, पण स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये, एवढी ती घट्ट हवी. बुशमधील भोक ग्रीस निप्पलच्या समोर आले आहे ना, हे बसवण्यापूर्वीच पाहावे, नाहीतर ग्रीसगन कितीही मारली तरी ग्रीस आत जाणार नाही.

आर्मच्या बुशांसाठी मात्र माझ्याकडे नायलॉनचे तुकडे घेऊन येऊ नका. मूळ रबरी बुश हा घसरत नाही. तो बाहेरच्या आणि आतल्या नळीला घट्ट धरून स्वतः पिळला जातो आणि सुटतो. नायलॉनचा बुश पिनवर फिरतो, त्याला ग्रीस लागते, धूळ गेली की तो पिनच खातो, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा स्टिअरिंगवर सांगतो. रबरी बुश आजही मिळतात आणि महागही नाहीत.

सेलूकर

दीड महिन्यानंतर सविस्तर लिहीत आहे.

पाटे सुटे करून रॉकेल आणि खडूची तपासणी केली असता डाव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्यावर, अगदी मधल्या भोकाला लागूनच, नखाएवढी रेघ उमटली. डोळ्यांना ती मुळीच दिसत नव्हती. नांदेडच्या भंगारात दुसऱ्या एका पद्मिनीचा पाटा मिळाला. रुंदी आणि जाडी कॅलिपरने जुळवून तोच घेतला. ट्रकचे पाटे करणाऱ्या कारागिराने दोन्ही बाजूंचे पाटे थंडच ठोकून कमान चढवली, आणि दोन्ही संच शेजारी उभे करून एकसारखे आहेत की नाहीत, ते मला दाखवले. पाट्यांमधील गंज घासून त्यांना ग्राफाइटचे ग्रीस लावले. यू-बोल्ट आणि मधले बोल्ट नवे घातले.

पुढच्या स्प्रिंगा काढताना मी सर्वांत जास्त घाबरलो होतो आणि ते योग्यच होते. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की ठेवून, खालच्या आर्मखाली जॅक लावून, स्प्रिंगेतून साखळी ओवून चॅसिसला बांधली आणि जॅक अर्ध्या अर्ध्या इंचाने सोडला. भाच्याला समोर उभे राहू दिले नाही. स्प्रिंगा स्वच्छ करून पाहिल्या. गंज वरवरचा होता. आर्मच्या बैठकीतून निघालेल्या शिम (पातळ चकत्या) कोणत्या जागेच्या किती, हे वहीत लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या.

आता माझी चूक सांगतो. सर्व नवे बुश बसवून, गाडी घोड्यांवर असतानाच, मी सगळे नट पूर्ण ताकदीने आवळले आणि मोठ्या समाधानाने गाडी खाली उतरवली. गाडी पुढून वीस मिलिमीटर उंच राहिली आणि बैलगाडीसारखी आदळत चालू लागली. नवे बुश निकृष्ट निघाले की काय, अशी शंका येत आहे.

खराद_वाळूज

बुश चांगले आहेत, सर. चाके लोंबकळत असताना नट आवळले, म्हणून रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले गेले. गाडी खाली उतरवली तेव्हा प्रत्येक बुश आधीच पिळलेला होता आणि तो आर्मला परत खाली ढकलत आहे. असेच चालवले तर थोड्या दिवसांत रबर नळीपासून सुटेल आणि सगळा खर्च वाया जाईल. आर्मचे आणि पाट्यांच्या टोकांच्या डोळ्यांचे (गोल भोकांचे) सर्व नट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, चार वेळा वरखाली दाबून बसू द्या, पुढे दोन माणसे बसवा, आणि मग खाली जाऊन आवळा. गाडीखाली उतरायला गॅरेजसारखा खड्डा नसेल, तर चारही चाकांखाली एकसारख्या उंचीचे भक्कम लाकडी ओंडके ठेवून तेवढी जागा करता येते. जॅकवर मात्र करू नका.

अंबाजोगाई_यंत्र

डावीकडे उरलेला ४ मिलिमीटरचा फरक तसाच सोडावा की नाही, हा प्रश्न पुढे येईल, म्हणून आताच लिहिते. वर्षानुवर्षे ओझ्याखाली राहिलेली स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मोकळी लांबी कमी होते. पण तिचा कडकपणा तेवढाच राहतो. त्यामुळे उंची भरून काढायला बैठकीवर थोडी जाड रबरी चकती पुरते. गंजाने तार बारीक झाली असेल, तर गोष्ट वेगळी : स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून व्यास दहा टक्क्यांनी घटला तर कडकपणा एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो. अशी स्प्रिंग बदलावीच लागते. आपल्या स्प्रिंगांवर वरवरचाच गंज आहे, तेव्हा हा खर्च वाचला.

चकती घालताना एवढे ध्यानात असू द्या, की स्प्रिंग चाकावर नसून आर्मच्या मधोमध कुठेतरी बसते. ती आर्मच्या लांबीच्या साठ टक्क्यांवर असेल, तर ३ मिलिमीटरच्या चकतीने चाकापाशी ५ मिलिमीटर उंची वाढते. स्प्रिंगेच्या वेट्यांच्या (वेढ्यांच्या) मध्ये रबरी ठोकळे अडकवण्याचा जो प्रकार बाजारात दिसतो, तो कृपया करू नका. त्याने काही वेटे निकामी होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. माझ्या मते चालक उजवीकडेच बसणार असल्याने ४ मिलिमीटरसाठी स्प्रिंग पुन्हा काढण्याचा धोका पत्करण्याचे कारण नाही.

उदगीर_जीप

आणि शॉकअपचे काय केले? कोणीच विचारत नाही.

सेलूकर

उदगीरकर, पुढचे शॉकअप काढून हाताने ओढून-दाबून पाहिले. दोन्ही दिशांना सलग विरोध लागला आणि तेलही गळत नव्हते, म्हणून तेच ठेवले. मागचे दोन्ही सायकलच्या पंपासारखे सहज सरकत होते. गावात एक जण ते कापून आत इंजिन ऑइल भरून पुन्हा वेल्डिंग करून देतो, परंतु ते तेल फारच घट्ट असते असे कळल्याने मागची जोडी नवी घेतली. गोदाकाठ यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे बसवण्यापूर्वी त्यांना उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून आतील हवा काढली.

वाळूजच्या भाऊंचे निदान शंभर टक्के बरोबर निघाले. नट सैल केल्याबरोबर 'टक्' असा आवाज होऊन आर्म जागेवर आले आणि गाडी आपोआप खाली बसली. दोन पोती गहू पुढच्या सीटवर ठेवून सगळे पुन्हा आवळले.

टो-इन (पुढच्या चाकांची पुढून किंचित आत वळलेली ठेवण) घरीच दोरी आणि टेपने जुळवले, नंतर परभणीला मशीनवर तपासले. अगदी थोडाच फरक निघाला. हिशोब विचारणारे बरेच संदेश आले आहेत, म्हणून लिहितो. किंगपिनचा संच आणि लेथचे काम ३,४००, रबरी बुश २,८००, पाट्यांचे काम भंगारातील पाट्यासह ४,२००, मागचे शॉकअप ३,०००, डाव्या चाकाचे बेअरिंग ६५०, यू-बोल्ट व मधले बोल्ट ९००, अलाइनमेंट ६००, ग्रीस, रॉकेल वगैरे ७००, आणि नांदेड-वाळूजच्या फेऱ्या १,९००, असे एकूण १८,१५० रुपये झाले. उरलेल्या ६,८५० रुपयांत पुढचे दोन टायर घेत आहे. मागचे दोन पुढच्या तुरीच्या हंगामानंतर घेईन.

काल सेलूहून परभणीला जाऊन आलो. नाक एकदा दबते आणि थांबते. उजवीकडचा 'कडाक' गेला, परंतु मागे डावीकडून, गतिरोधक ओलांडताना, एक बारीक 'चुईं' असा आवाज नव्याने येऊ लागला आहे.

गोदाकाठ

पाट्याच्या मागच्या टोकाच्या शॅकलचा (पाटा टांगणाऱ्या कडीचा) बुश कोरडा असेल. एक थेंब पाणी मारून पाहा. आवाज थांबला तर तोच. तिथे ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगते. सिलिकॉनचे ग्रीस मिळाले तर तेवढेच लावा. आणि नवे पाटे बसतात तेव्हा यू-बोल्ट थोडे सैल पडतात, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की पाना घेऊन एकदा खाली जाच.

सेलूकर

पाणी मारले, आवाज थांबला. पाचशेची नोंद वहीत केली आहे. सध्या एकशे बारा झाले आहेत.